प्रोटीन पावडर घेताय? आधी पंचवीस ग्रॅमचा भाव काढा

जिमला जायला लागून महिना होत नाही तोच ट्रेनर विचारतो, "प्रोटीन कोणतं चालू केलंस?" पोलीस भरतीच्या अकॅडमीत हाच प्रश्न जुनी पोरं नव्या पोरांना विचारतात. अशक्तपणाची तक्रार घेऊन मेडिकलमध्ये गेलेल्या आजींसमोरही काउंटरवर एक डबा येतोच. तिघांच्या गरजा वेगळ्या आणि खिसेही वेगळे, पण तिघंही बघतात ती डब्यावरची किंमत. आठशेचा डबा स्वस्त वाटतो, चोवीसशेचा महाग वाटतो. प्रत्यक्षात आठशेवाला बरेचदा जास्त महाग पडतो, कारण आपण पावडर विकत घेत असतो आणि पोटात जायला हवं असतं प्रोटीन.

म्हणून या लेखात सगळीकडे एकच माप वापरलं आहे: २५ ग्रॅम प्रोटीनला किती रुपये पडतात. एका स्कूपमधून साधारण तेवढंच मिळतं. चार अंड्यांतूनही तेवढंच मिळतं.

आधी ताट मोजा

डबा निवडण्याच्या आधीचा प्रश्न असा की तूट आहे का, आणि असली तर किती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवून दिलेलं प्रमाण निरोगी प्रौढासाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम.

हे पन्नास ग्रॅम आपल्या रोजच्या जेवणातून मिळतात का? दिवसभरात सहा पोळ्या (१९ ग्रॅम), वाटीभर घट्ट वरण (६ ते ७), भात (५), मटकीची उसळ (६), छोटी वाटी दही (३), दोन वेळच्या चहाचं आणि वर थोडं दूध (५), भाजी (अडीच) आणि तिच्यात शेंगदाण्याचं कूट (साडेतीन). बेरीज बरोबर पन्नासच्या आसपास येते. पोळीच्या प्रोटीनमध्ये जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते पोळीत, त्यामुळे दोन्ही एका दिवसात पोटात गेलं की दर्जाचीही फार चिंता राहत नाही.

पण हे ताट नीट वाढलेलं असलं तर. प्रत्यक्षात बहुतेक घरांत उसळ आठवड्यातून दोनदाच होते, वरण पातळ असतं, आणि सकाळी पोह्यांवर किंवा साबुदाण्याच्या खिचडीवर भागवलं जातं. मग आकडा पस्तीस-चाळीसवर उतरतो. माझं मत असं की निम्म्याहून अधिक लोकांची तूट रोजच्या एका वाटी उसळीने आणि पेलाभर दुधाने भरून निघेल. त्यांनी डबा घेऊच नये.

व्यायाम करणाऱ्याचा हिशेब वेगळा. वजनं उचलणाऱ्याला दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. १.६ च्या वर कितीही खाल्लं तरी स्नायूंच्या वाढीत भर पडत नाही, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मे २०२४ मधल्या आहार-मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. त्याच सूचनांत प्रोटीन पावडर टाळण्याचा सल्लाही आहे आणि तिच्यातली साखर, गोडी आणणारी द्रव्यं व कृत्रिम स्वाद यांबद्दल इशारा आहे. मी इतका टोकाचा निष्कर्ष काढणार नाही. ६५ किलोच्या, मनापासून वजनं उचलणाऱ्या शाकाहारी मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम गाठायचे असतील तर नुसत्या डाळ-पोळीने पोट आधी भरतं आणि आकडा नंतर गाठला जातो. तिथे एक स्कूप खरोखर कामाचा असतो. पण एकच, सकाळ-दुपार-संध्याकाळ तीन नव्हे.

भाव कसा काढायचा

आता वेष्टनावर कमाल किमतीशेजारी प्रतिग्रॅम (किलोहून मोठ्या डब्यावर प्रतिकिलो) किंमतही छापावी लागते. तो आकडा घ्या, प्रतिकिलो असेल तर हजाराने भागून. मागच्या बाजूच्या पोषणतक्त्यात १०० ग्रॅम पावडरमध्ये किती ग्रॅम प्रोटीन आहे ते बघा. प्रतिग्रॅम किमतीला २५ ने गुणा, पुन्हा १०० ने गुणा आणि त्या प्रोटीनच्या आकड्याने भागा. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ऑनलाइन सवलत मिळत असेल तर छापील किमतीऐवजी तुम्ही प्रत्यक्ष देणार ती किंमत धरा.

उदाहरणं घेऊ. भाव ढोबळ आहेत, तुमच्या गावातले टाकून बघा. साध्या व्हे (दुधातलं एक प्रोटीन) कॉन्सन्ट्रेटचा किलोचा डबा २४०० रुपयांना असेल आणि त्यात शंभराला ७५ ग्रॅम प्रोटीन असेल, तर २५ ग्रॅमला ८० रुपये पडतात. व्हे आयसोलेट ३६०० रुपये किलो आणि शंभराला ८८ ग्रॅम, तर १०२ रुपये. सोया आयसोलेट ९०० रुपये किलो आणि शंभराला ८८, तर फक्त २६ रुपये.

आता स्वस्त वाटणारे डबे. मास गेनर ८०० रुपये किलो, पण शंभरात प्रोटीन १५ ग्रॅम. २५ ग्रॅमचा भाव १३३ रुपये. बाकीचा डबा बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिनने, म्हणजे लवकर पचणाऱ्या पिष्टाने भरलेला असतो. मेडिकलमध्ये मिळणारा, घरातल्या सगळ्यांसाठी म्हणून विकला जाणारा चॉकलेट स्वादाचा डबा ४०० ग्रॅमला ६४० रुपये आणि शंभरात ३२ ग्रॅम प्रोटीन असेल तर भाव होतो १२५ रुपये. म्हणजे आजींच्या हातातला डबा जिममधल्या महागड्या आयसोलेटपेक्षाही महाग पडला. हा हिशेब केल्याशिवाय हे लक्षातच येत नाही, आणि मला यातली सर्वांत टोचणारी गोष्ट हीच वाटते. कमी पैसेवाले आणि वयस्कर, दोघंही सर्वांत महाग प्रोटीन घेतात.

आता वाण्याचं दुकान. सोयाबीनच्या वड्या १५० रुपये किलो, शंभरात ५२ ग्रॅम प्रोटीन: २५ ग्रॅमला सात रुपये. याच्या जवळपासही दुसरं काही येत नाही. शेंगदाणे पंधरा रुपये, तूरडाळ सोळा-सतरा, फुटाणे एकोणीस. सात रुपयांचं अंडं धरलं तर चार अंड्यांचे अठ्ठावीस. हाडांशिवायचं चिकन ३५० रुपये किलो असेल तर अडतीस. साधं दूध साठ रुपये लिटरने सत्तेचाळीस, पनीर चारशे रुपये किलोने छप्पन्न. स्किम्ड मिल्क पावडर ४५० रुपये किलो मिळाली तर बत्तीस. कोकणात सुकट घरात असतेच. तिच्यात शंभराला साठच्या आसपास प्रोटीन असतं, फक्त मीठ जास्त असल्याने धुऊन आणि बेताने घ्यावी.

तालमीतल्या खुराकात बदामाला मोठा मान आहे. बदाम चांगलेच आहेत, पण प्रोटीनसाठी नव्हेत. ९०० रुपये किलोने २५ ग्रॅम प्रोटीनला एकशे दहा-बारा रुपये लागतात आणि सोबत सातशेहून अधिक कॅलरी येतात.

कॅलरीचा मुद्दा नजरेआड करून चालणार नाही. शेंगदाण्यांतून २५ ग्रॅम प्रोटीन घ्यायचं तर साडेपाचशेहून जास्त कॅलरी पोटात जातात, व्हेमधून सव्वाशेच्या आसपास. वजन वाढवायचं असणाऱ्याला शेंगदाणे सोयीचे, कमी करणाऱ्याला अडचणीचे. पावडरचा खरा फायदा असेल तर तो इथे आहे: कमी कॅलरीत, पोट न फुगवता, दोन मिनिटांत प्रोटीन. तेवढ्यासाठी किती जास्त पैसे मोजायचे ते ज्याने त्याने ठरवावं.

भरतीची तयारी करणारा मुलगा

माझं सगळ्यात जास्त सांगणं या मुलांना आहे, कारण त्यांचे पैसे घरच्यांनी काटकसरीने पाठवलेले असतात. सोळाशे मीटर धावायचं, शंभर मीटर पळायचं, गोळा फेकायचा आणि अकॅडमीच्या मेसमध्ये जेवायचं. वजन भरत नाही म्हणून मास गेनर घेतला जातो. रोज शंभर ग्रॅम घेतला तर महिन्याला तीन किलो, म्हणजे २४०० रुपये, आणि त्यातून दिवसाला मिळतात जेमतेम पंधरा ग्रॅम प्रोटीन.

त्याऐवजी रोज तीन उकडलेली अंडी (२१ रुपये), पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या (साडेसात), मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाणे (साडेसात) आणि दोन केळी (दहा). दिवसाचे ४६ रुपये, महिन्याचे १३८० आणि प्रोटीन जवळजवळ ५८ ग्रॅम. हजार रुपये वाचतात आणि प्रोटीन जवळपास चौपट मिळतं. अंडी चालत नसतील तर तेवढ्याच पैशात अर्ध्या लिटरपेक्षा कमी दूध येतं. प्रोटीन थोडं कमी होईल, तरी गेनरच्या तिप्पट राहील. वड्या गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून भाजीत टाकल्या की उग्र वास जातो. मेसवाल्या काकूंना सांगितलं तर त्या आनंदाने करून देतात, दहा पोरांनी मिळून सांगितलं तर नक्कीच.

सोया खाल्ल्याने पुरुषांतलं टेस्टोस्टेरॉन घटतं ही भीती या वयात फार ऐकू येते. अनेक अभ्यास एकत्र करून तपासले असता तसा परिणाम आढळलेला नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण सोयामुळे ती गोळी नीट शोषली जात नाही.

जिमला जाणाऱ्याने कोणता डबा घ्यावा

दूध पचत असेल तर साधं व्हे कॉन्सन्ट्रेट. एवढंच. आयसोलेटमध्ये दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, जवळजवळ काढून टाकलेली असते. त्यामुळे दूध प्यायल्यावर ज्यांना गॅस होतो किंवा पोट बिघडतं त्यांनी जास्तीचे पैसे मोजावेत. इतरांना आयसोलेटने स्नायू लवकर येत नाहीत. वजन कमी करायचंय म्हणून आयसोलेट घ्या, असं दुकानदार सांगेल. एका स्कूपमागे दहा-वीस कॅलरींचा फरक पडतो, त्यासाठी २५ ग्रॅममागे वीस-बावीस रुपये जास्त द्यायची गरज नाही. हायड्रोलाइज्ड व्हे त्याहून महाग आणि चवीला कडवट. सामान्य व्यायाम करणाऱ्याला त्याचा वेगळा उपयोग नाही. रात्री घ्यायचं केसिन म्हणजे दुधातलंच हळू पचणारं प्रोटीन, त्याऐवजी रात्रीच्या जेवणात पनीर घ्या.

व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्यायलं नाही तर वाया गेलं, असंही नाही. दिवसभराचा एकूण आकडा आणि तो तीन-चार वेळच्या खाण्यात वाटला जाणं, याला जास्त महत्त्व आहे.

दूध आणि प्राणिजन्य सगळंच वर्ज्य असेल तर सोया आयसोलेट सर्वांत स्वस्त आणि अमिनो आम्लांच्या दृष्टीने पूर्ण. वाटाण्याचं प्रोटीन घ्यायचं तर तांदळाच्या प्रोटीनबरोबर मिसळलेलं बघा, कारण एकातली उणीव दुसरं भरून काढतं. इथे एक सावधगिरी हवी. वनस्पती जमिनीतून जड धातू शोषतात आणि कोकोतही ते येतात. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने ऑक्टोबर २०२५ मध्ये तेवीस पावडरी आणि तयार शेक तपासले, तेव्हा वनस्पतिजन्य उत्पादनांत शिशाचं प्रमाण दुग्धजन्य उत्पादनांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. ते डबे तिथल्या बाजारातले होते, पण कारण सगळीकडे सारखंच आहे. त्यामुळे वनस्पतिजन्य पावडर घेणाऱ्याने चॉकलेटऐवजी साधा किंवा व्हॅनिला स्वाद घ्यावा आणि जड धातूंचा चाचणी-अहवाल जाहीर करणारी कंपनी शोधावी.

घरातली वयस्कर माणसं

पावडरची खरी गरज मला या वयात जास्त दिसते. साठीनंतर स्नायू झिजतात, दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, आणि नेमकं तेव्हाच दात, भूक आणि पचन साथ देत नाहीत. संध्याकाळी आमटी-भाताचे चार घास होतात. अशा वेळी वाटीभर उसळीचा आग्रह धरून उपयोग नसतो.

पण त्यांच्यासाठी मेडिकलमधला गोड डबा न घेता बिनस्वादाचं, साखर नसलेलं व्हे कॉन्सन्ट्रेट घ्यावं. अर्धा स्कूप ताकात, पातळ खिमटात किंवा कोमट लापशीत सहज मिसळतो. उकळत्या पदार्थात टाकलं तर गुठळ्या होतात, म्हणून भांडं खाली उतरवून थोडं निवल्यावर टाका. मधुमेह असेल तर घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन आणि साखर आहे का ते आवर्जून वाचा. आणि सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा विकार कितीतरी काळ लक्षणांशिवाय असतो, आणि तो असेल तर जादा प्रोटीन अपाय करतं. याबरोबर रोज खुर्चीतून दहा-बारा वेळा उठबस केली तर त्या प्रोटीनचा उपयोग होतो. नुसतं बसून प्यायलं तर फारसा होत नाही.

लेबल वाचताना

एप्रिल २०२४ मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात केरळमधल्या राजगिरी रुग्णालयाचे यकृततज्ज्ञ डॉ. सिरिएक अ‍ॅबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी त्यांनी तपासल्या. सुमारे ७० टक्क्यांवर प्रोटीनची माहिती चुकीची होती, काहींत तर लिहिलेल्याच्या निम्मंच प्रोटीन निघालं. १४ टक्क्यांत बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले.

फसवणुकीचा एक प्रकार समजून घेण्यासारखा आहे. प्रोटीन मोजण्याची प्रचलित जेल्डाल पद्धत १८८३ सालची आहे. ती प्रोटीन थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ सारख्या आकड्याने गुणते. मग कंपनी काय करते, तर ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त, नायट्रोजन असलेली द्रव्यं मिसळते. एक ग्रॅम ग्लायसिन या मोजणीत सव्वा ग्रॅमच्या जवळपास प्रोटीन म्हणून दिसतं, पण त्याने स्नायू बांधले जात नाहीत. म्हणून घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन, ग्लुटामिन, क्रिएटिन वेगळे टाकलेले दिसले तर तो डबा ठेवून द्या. क्रिएटिन हवं असेल तर वेगळं घ्या, ते स्वस्त पडतं.

दुसरी खूण ल्युसिन या अमिनो आम्लाची. चांगल्या व्हेमध्ये २५ ग्रॅम प्रोटीनमागे ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास असतं. तक्त्यात अमिनो आम्लांचे आकडेच दिलेले नसतील तर मी तो डबा घेणार नाही. तिसरं, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव व्हेचं किंवा सोयाचं हवं, माल्टोडेक्स्ट्रिनचं नको. चौथं, अश्वगंधा, हिरव्या चहाचा अर्क, पचनासाठी औषधी वनस्पती असं काही मिसळलेलं नको. यकृताला त्रास झाला तर कशाने झाला हे शोधणं अवघड होतं. यादी जितकी लहान तितकी बरी.

स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूने आणखी पुढे जाऊन 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारखं, बंदी असलेल्या द्रव्यांसाठी तपासल्याचं प्रमाणपत्र असलेलाच डबा घ्यावा. उत्तेजक द्रव्य डब्यातून नकळत पोटात गेलं, हे सांगून निर्दोष सुटता येत नाही.

खरेदी आणि नंतर

नामांकित परदेशी कंपन्यांच्या नकली मालाचा धंदा मोठा आहे. रिकामे अस्सल डबे गोळा करून त्यांत काहीही भरलं जातं. त्यामुळे बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणारा डबा, जिमच्या लॉकरमधून बिलाशिवाय विकला जाणारा डबा किंवा सुट्या पिशवीतली पावडर घेऊ नका. आयात केलेल्या डब्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असलेलं लेबल हवंच. खरवडून काढायचा कोड कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः पत्ता टाइप करून तपासा. डब्यावरचा क्यूआर कोड नकली पानावरही नेऊ शकतो.

पहिल्यांदा घेताना किलोचाच घ्या, दोन किलोवर सवलत असली तरी. पोटाला मानवलं नाही तर निम्मा वाया जातो, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात उघडलेला डबा दमट होतो. ओला चमचा घालू नका. स्कूप हे भांड्याचं माप आहे, वजनाचं नव्हे; एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून खूण करून ठेवा. डबा संपला की लेबल फाडून, डबा चेपून मगच कचऱ्यात टाका.

मालाबद्दल शंका आली तर उरलेली पावडर, बिल आणि बॅच क्रमांकाचा फोटो जपून ठेवा. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार सामान्य ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. नमुना नियमांत बसत नसल्याचा अहवाल आला, तर भरलेलं शुल्क परत मिळतं.